गावाला ग्रामसभा आहे, शहरवाल्यांनी कुठं बोलायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतले पेव्हर परवा परत उखडले. चांगले होते, व्हाळाच्या बाजूला दोन-चार ठिकाणी बसले होते तेवढेच, पण सगळेच काढले आणि ट्रकभर नवे आणून टाकले. गेल्या सहा वर्षांत ही तिसरी वेळ. काम बघणाऱ्या माणसाला मी विचारलं की हे कुठल्या फंडातलं, तर तो म्हणाला बाई केंद्राचा फंड आलाय, मार्चच्या आत संपवायचा आहे. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलं ते तो करतोय. पण त्याच गल्लीच्या टोकाला एक मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर आहे, दोन पावसाळ्यांपूर्वी त्या घराची मागची मातीची भिंत पडली आणि अजून तिथं निळी ताडपत्री बांधलेली आहे, आत सत्तरी ओलांडलेली बाई आणि तिचा मुलगा राहतात, मुलगा बाजारात हमाली करतो. पेव्हरचा ट्रक त्यांच्या दारातच रिकामा केला. ते बघितलं आणि ठरवलं की आता हे लिहायचंच.

मी कुठल्या पालिकेत राहते ते लिहीत नाही. उत्तर गोव्यात राहते एवढं पुरे. गोव्यात तेरा नगरपालिका आणि पणजीची एक महानगरपालिका, नातेवाईक सगळीकडे आहेत, विचारलं तर सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतं, त्यामुळे एका पालिकेला बोल लावून काही होणार नाही. माझा मुद्दा पद्धतीचा आहे. केंद्राकडून घरांसाठी, नळाच्या पाण्यासाठी, कचऱ्यासाठी, वस्ती सुधारण्यासाठी शहराला जे पैसे येतात ते कुठं घालायचे हे ठरवताना त्या शहरात राहणाऱ्या माणसाला कोण विचारतं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो अमेरिकेत. गेल्या वर्षी फेब्रुवारी ते जुलै मी न्यू जर्सीत मुलीकडे होते. एकदा नातवाला घेऊन लायब्ररीत गेले तर बोर्डावर नोटीस, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, की केंद्र सरकारच्या ग्रँटचा यंदाचा आराखडा तयार झालाय, अमुक तारखेला संध्याकाळी साडेसहाला याच हॉलमध्ये जाहीर सुनावणी आहे, कुणीही यावं, बोलावं. मी जावयाला म्हटलं मला ने. तो म्हणाला आई तिथं काय बघायचं आहे, कंटाळाल. पण नेलं त्यानं.

कंटाळले नाही. जेमतेम पंचवीस माणसं होती. टेबलावर आराखड्याच्या छापील प्रती ठेवलेल्या, कुणीही उचलावी. त्यात प्रत्येक कामापुढे रक्कम, ते काम शहराच्या कुठल्या भागात, किती कुटुंबांना उपयोग, त्यातली कमी उत्पन्नाची किती, सगळं लिहिलेलं. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी लोनच्या टेबलवर, मला असा कागद वाचायला आवडतो. एकेक जण माईकवर येऊन तीन मिनिटं बोलत होता. एक म्हातारी बाई आली, तिचं घर स्वतःचं पण छप्पर गळतं आणि पेन्शनमध्ये दुरुस्ती होत नाही. व्हीलचेअरवरचा एक माणूस आला, त्यानं तीन कोपऱ्यांची नावं सांगितली जिथं फूटपाथला उतार नाही म्हणून त्याला रस्त्यावरून जावं लागतं. गरिबांना धान्य देणाऱ्या संस्थेची बाई आली. समोर बसलेली अधिकारी बाई मान हलवत नव्हती, लिहून घेत होती. आणि माझ्या परतायच्या थोडं आधी अंतिम आराखडा वेबसाइटवर आला तेव्हा मुलीनं मला उघडून दाखवला, शेवटच्या पानांवर त्या संध्याकाळी जो कोणी जे काही बोलला त्याचा सारांश आणि त्यापुढे शहराचं उत्तर! व्हीलचेअरवाल्याचे दोन कोपरे घेतले होते, तिसरा रस्ता काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, आहे म्हणून शहराला करता येत नाही, असं कारण लिहिलं होतं. नाही म्हणाले, पण का नाही ते लिहून दिलं. मी ते पान दोनदा वाचलं.

मग मी नादालाच लागले आणि या फंडाबद्दल मिळेल ते वाचलं. त्याचं नाव कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट. १९७४ च्या ऑगस्टमध्ये प्रेसिडेंट फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. त्याआधी केंद्राचे वेगवेगळे सात-आठ फंड होते, प्रत्येकाचे नियम वेगळे आणि प्रत्येकासाठी वॉशिंग्टनला अर्ज, ते सगळं एकत्र करून शहराच्या हातात एकच रक्कम द्यायची आणि कुठं वापरायची ते शहरानं ठरवायचं, अशी कल्पना. आज बाराशेच्या वर शहरं, काउंट्या आणि राज्यांना हे पैसे जातात, वर्षाला साधारण ३.३ अब्ज डॉलर. कुणाला किती ते फॉर्म्युल्यावर ठरतं, लोकसंख्या, गरिबी, एका खोलीत किती माणसं राहतात, १९४० च्या आधीची जुनी घरं किती. म्हणजे कुठल्या आमदाराची ओळख आहे यावर नाही. घरांसाठी १९९० पासून होम नावाचा वेगळा फंड आहे, त्यातले कमीत कमी १५ टक्के लोकांनी उभ्या केलेल्या, ना-नफा घरबांधणी संस्थांसाठी बाजूला ठेवावे लागतात.

पण शहराच्या हातात दिले म्हणजे मोकळं सोडलं असं नाही, आणि मला हेच महत्त्वाचं वाटलं. ब्लॉक ग्रँटमधले निदान ७० टक्के पैसे कमी आणि मध्यम-कमी उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगाला गेलेच पाहिजेत. रस्ता किंवा गटार करायचं तर तो भाग असा हवा की तिथले निदान ५१ टक्के लोक त्या उत्पन्नात बसतात. ऑफिस आणि प्लॅनिंगच्या खर्चाला २० टक्क्यांच्या वर नाही. नगरपालिकेनं स्वतःची इमारत या पैशातून बांधायची नाही. आणि खड्डे बुजवायचे नाहीत, कारण ती रोजची देखभाल आहे, ती शहरानं आपल्या टॅक्समधून करावी! वर्षातून कमीत कमी दोन सुनावण्या, त्यातली एक आराखडा लिहायच्या आधी, लोकांना काय हवं ते विचारायला. आराखड्याचा मसुदा ३० दिवस लोकांसमोर. वर्ष संपल्यावर काय केलं त्याचा रिपोर्ट, तोही वॉशिंग्टनला पाठवायच्या आधी १५ दिवस लोकांसमोर. सुनावणीची वेळ आणि जागा लोकांना सोयीची हवी, इंग्लिश न येणारे बरेच येणार असतील तर त्यांची सोय हवी. पैसे साठवून ठेवले तरी चालत नाही, वर्ष संपायच्या ६० दिवस आधी वर्षाच्या ग्रँटच्या दीडपटीहून जास्त शिल्लक दिसली तर केंद्र जाब विचारतं. म्हणजे तिथंही पैसे खर्च करायची घाई असतेच, पण यादी आधी लोकांसमोर झालेली असते, त्यामुळे घाईत पेव्हर आठवत नाहीत.

त्यात दोष नाहीत का, आहेत. एवढ्या मोठ्या शहरातून पंचवीस माणसं आली, त्यातली निम्मी संस्थांची. संस्थांच्या सेवांना १५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे धान्यवाली आणि म्हाताऱ्यांना सांभाळणारी एकमेकींच्या ताटातलं ओढत होत्या, ते बघवलं नाही. जुन्या घरांच्या मोजणीमुळे एखाद्या श्रीमंत पण जुन्या शहराला गरज नसताना जास्त मिळतं अशी तक्रार तिथले जाणकार कित्येक वर्षं करतायत. ट्रम्प सरकारनं पहिल्या कारकिर्दीत हा फंडच बंद करायचा प्रस्ताव बजेटमध्ये मांडला होता, संसदेनं चालू ठेवला. आणि एवढं करूनही तिथं लोक रस्त्यावर झोपतात, मी डोळ्यांनी बघितले. म्हणून त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाहीय. पण माणसाला विचारायचं, लिहून घ्यायचं आणि लिहून उत्तर द्यायचं, हे आपल्याला का जमू नये?

कारण आपल्याला ते जमतं! गोव्याइतकं भांडून विचारणारे लोक मला दुसरीकडे माहीत नाहीत. रविवारची ग्रामसभा बघा, मेगा प्रोजेक्ट असो की डोंगर कापणी, सरपंचाला घाम फुटतो. कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा गोव्याचा 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांच्या रेट्यामुळे २००७ साली रद्द करावा लागला. माहितीच्या अधिकाराचा कायदा देशात २००५ साली आला, गोव्यात १९९७ साली होता. मग हेच लोक पालिकेच्या हद्दीत राहायला आले की गप्प का होतात? तर गप्प होत नाहीत, त्यांना बोलायला जागाच नाही. माझी बहीण पंचायतीत राहते, माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. तिला वर्षातून अनेकदा ग्रामसभेत उभं राहून पंचायतीचा पैसा कुठं गेला ते विचारता येतं आणि ते प्रोसिडिंगमध्ये लिहावं लागतं. मी पालिकेत राहते, घरपट्टी तिच्यापेक्षा जास्त भरते आणि मला पाच वर्षांतून एकदा मत देता येतं.

याचं कारण कायद्यातच आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या जूनमध्ये लागू झाली, तिच्या बाराव्या परिशिष्टात शहरांच्या १८ कामांची यादी आहे, त्यात झोपडपट्टी सुधारणा आहे, शहरी गरिबी कमी करणं आहे. वॉर्ड कमिट्या करायच्या असंही त्यात आहे. पण त्या २४३-एस कलमात सक्ती आहे ती ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना. गोव्यात तीन लाखांचं एकही शहर नाही. पणजी २०११ च्या जनगणनेत ४० हजारांच्या आसपास, मडगाव आणि मुरगाव पालिका एक लाखाच्या आत. म्हणजे मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी केलेली तरतूद आपल्याला लागू नाही, आणि खेड्यासाठी केलेली ग्रामसभा पण लागू नाही. आपण मध्येच लोंबकळतोय, गेली ३० वर्षं.

आणि या ३० वर्षांत दिल्लीहून पैसे येणं काही थांबलं नाही. २००५ च्या जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेत पणजी होती, मग अमृत ही तशीच दुसरी योजना आली, २०१६ साली स्मार्ट सिटीत निवड झाली, त्यात केंद्राचे ५०० कोटीपर्यंत आणि तेवढेच राज्याचे अशी योजना. रस्ते खोदले, धूळ उडाली, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, न्यायमूर्तींना स्वतः रस्त्यावर उतरून बघावं लागलं. इतर पालिकांना पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला, देशभरातल्या शहरांसाठी २०२१ ते २६ या काळात १,२१,०५५ कोटी ठरले होते. आपल्यासारख्या लहान शहरांना त्यातले ६० टक्के बांधलेले, अर्धे पाण्याला आणि अर्धे स्वच्छता-कचऱ्याला, आणि ४० टक्के मोकळे, पगार आणि ऑफिसखर्च सोडून स्थानिक गरजेप्रमाणे वापरा म्हणून. ही स्थानिक गरज कोण ठरवतं? मी माहिती अधिकारात तीन वर्षांच्या कामांची यादी मागितली तेव्हा मला चार पानं मिळाली, त्यात पानापानावर "वॉर्डचा विकास" एवढंच. कुणाची मागणी, किती घरांना फायदा, काही नाही. लोनच्या टेबलवर असा अर्ज आला असता तर मी तो परत पाठवला असता.

घरांचं तर आणखी अवघड आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २५ जून २०१५ ला सुरू झाली. तिच्यात एक भाग असा की स्वतःच्या जागेवर घर बांधा किंवा वाढवा, केंद्र दीड लाख देईल. उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. कागदावर आमच्या गल्लीच्या टोकाचं घर शंभर टक्के बसतं. पण "स्वतःच्या जागेवर" हे दोन शब्द गोव्यात किती अवघड आहेत ते मी इतकी वर्षं लोनच्या टेबलवर बघितलंय. एक-चौदाचा जमिनीचा उतारा किंवा सिटी सर्व्हेचं कार्ड काढलं की त्यावर आजोबांचं नाव, किंवा चौदा वारसांची नावं, त्यातले चार मुंबईत, दोन लिस्बनला, एक वारला त्याची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसा-वाटणी, झालेली नाही. आपल्या कायद्यात मुलगा-मुलगी सगळे समान वारस, नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा हिस्सा, ते चांगलंच आहे, पण सह्या गोळा करता करता पिढी जाते. आणि मुंडकाराचं तर घरच भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत. १९७५ च्या कायद्यानं त्याला घरातून काढता येत नाही, घर आणि आजूबाजूची थोडी जागा विकत घ्यायचा हक्कपण आहे, पण त्यासाठी मामलेदाराकडे केस, आणि ती केस चालते किती ते ज्याची चालू आहे त्याला विचारा. त्या बाईच्या नवऱ्यानं केस घातली होती, तो गेला, केस आहेच. कोमुनिदादच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेच्या, जागेवरची घरं ही आणखी वेगळी गोष्ट. तेव्हा योजनेचा फॉर्म भरायला ती माझ्याकडे आली तेव्हा मी कागद बघितले आणि मलाच तिला सांगावं लागलं की हे बसणार नाही. ती काही बोलली नाही, कागद परत पिशवीत घातले. तिला घराबाहेर काढायचा कुणालाच हक्क नाही, पण तिची भिंत उभी करायला सरकार दीड लाख देऊ शकत नाही, हे मला अजून पचत नाही.

या योजनेत प्रत्येक शहरानं घरांच्या मागणीचा सर्व्हे करून कृती आराखडा करायचा होता. तो सर्व्हे लोकांसमोर झाला असता, वाड्यावाड्यात माणसं बसली असती, तर पहिल्या दिवशीच शंभर तोंडांनी हेच बाहेर आलं असतं की साहेब आमचा प्रॉब्लेम सिमेंटचा नाही, कागदाचा आहे. मग पालिकेला राज्याकडे जाऊन सांगता आलं असतं की पालिका हद्दीतल्या मुंडकार केसेस आधी निकालात काढा, नाहीतर दिल्लीचे पैसे आम्हाला घेताच येणार नाहीत. वर बसून यादी करणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याला ती भिंत दिसत नाही. आता योजनेचा दुसरा टप्पा, २.० म्हणतात तो, २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू आहे, देशभरात एक कोटी घरांचा. परत तेच होऊ नये.

हे आपल्या देशात कुठं होतं का, तर होतं. केरळच्या १९९४ च्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंतच्या शहरांत प्रत्येक वॉर्डाला वॉर्डसभा आहे, वॉर्डातले सगळे मतदार तिचे सदस्य. गोव्यातल्या पालिका याच आकाराच्या आहेत! १९९६ पासून तिथं राज्याच्या विकास योजनेच्या पैशातला मोठा हिस्सा खाली पंचायती आणि पालिकांना दिला आणि कामं सभेतून यायला लागली, लाभार्थ्यांची यादीसुद्धा. पुणे महानगरपालिका २००६ पासून बजेटच्या आधी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, तिथं माझा भाऊ आहे, तो सांगतो की फार करून फूटपाथ, बाक, दिवे यापुढे गाडी जात नाही, पण फॉर्म मिळतो आणि कुठलं घेतलं ते बघता येतं.

तर संपादकसाहेब, माझी मागणी सरळ आहे. गोवा नगरपालिका कायदा १९६८ चा आहे, त्यात वॉर्डसभा घाला. आपले वॉर्ड लहान, शाळेच्या हॉलमध्ये मावतील एवढे लोक. बजेटच्या आधी एक सभा आणि केंद्राच्या पैशाची यादी दिल्लीला किंवा पर्वरीला सचिवालयात जायच्या आधी एक. रविवारी घ्या, वर्किंग डेला सकाळी अकराला नको, हमाली करणारा माणूस अकराला येणार नाही. नोटीस मराठी आणि कोंकणीत लावा, १९८७ चा राजभाषा कायदा आहे आणि आमच्याकडे टेंडरची नोटीस अजून इंग्लिशमध्येच लागते. यादीत प्रत्येक कामापुढे किती घरांना उपयोग ते लिहा. आणि जे सुचवलं ते घेतलं नाही तर का नाही ते एका ओळीत लिहून पालिकेच्या बोर्डावर लावा. या सगळ्याला पैसे लागत नाहीत. कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही, नगरसेवकानं मनावर घेतलं तर तो उद्या आपल्या वॉर्डात अशी सभा बोलावू शकतो, त्याला कुठलाही कायदा अडवत नाही.

आमच्या नगरसेवकाशी मी बोलले. माणूस वाईट नाही, म्हणाला बाई, सभा घेतली की लोक फक्त भांडतात, आणि पेव्हर मागणारे पण लोकच असतात. खरं आहे ते, पेव्हर मागणारे आहेत, त्यांच्या दारात चिखल होतो, त्यांची पण बाजू आहे. पण ते आणि ताडपत्रीवाली बाई एका हॉलमध्ये समोरासमोर बसू देत ना एकदा. मला शेजाऱ्यांबद्दल एवढा विश्वास आहे की तिचं ऐकल्यावर चौथ्यांदा पेव्हर कुणी मागणार नाही, निदान आधी तिची भिंत होऊ दे असं म्हणतील. गणपतीत, लग्नात, मयताला हेच लोक एकमेकांकडे धावतात.

गेल्या सोमवारी आमच्या वॉर्डातल्या ४३ जणांच्या सह्या घेऊन मी पालिकेच्या इनवर्डला अर्ज दिलाय, पुढच्या वर्षीची कामं ठरवायच्या आधी वॉर्डात सभा घ्या म्हणून, आणि त्या घराच्या भिंतीचं काय करता येईल ते लेखी कळवा म्हणून. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. त्या ४३ मध्ये पहिली सही तिची आहे, अंगठा नाही, सही. इतर पालिकांमधल्या वाचकांनी पण आपापल्या वॉर्डात असा अर्ज द्यावा, मजकूर कुणाला हवा असेल तर तुमच्या ऑफिसमध्ये एक प्रत या पत्रासोबत पाठवतेय, ती कृपया मागणाऱ्याला द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, उत्तर गोवा